तुमच्या अंगणाचं पाणी कुठं जातं? आळू, लॉन आणि एका विहिरीची गोष्ट

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी ही नेहमीसारखी लिखित आवृत्ती. बोलताना मध्येमध्ये येणारे 'म्हणजे' आणि 'तर' थोडे गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आज इतिहासच सांगणार आहे, पण त्यात लढाई नाही, तह नाही, किल्लाही नाही. अंगण आहे. घरासमोरची आणि घरामागची चार हात जमीन. पावसाचं पाणी त्या जमिनीवर पडतं आणि मग कुठं जातं, एवढाच प्रश्न. हा प्रश्न मला सुचला नव्हता, तो आमच्या घरावर येऊन पडला. म्हणून सुरुवात घरापासून.

बाबांचं लॉन

आमचं गाव चिपळूणजवळ. बाबा रिटायर झाले आणि गावी राहायला गेले. हौसेनं घर दुरुस्त केलं. पुढच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, बाजूला विहिरीपर्यंत हिरवंगार कार्पेट लॉन. मागची न्हाणी पाडून आत टाइल्सचं बाथरूम, आणि तिथली आळू-केळीची दलदल बुजवून टाकली. शेजारीपाजारी येऊन म्हणायचे, "व्वा, अगदी रिसॉर्टसारखं झालंय हो!" बाबा खूश. लॉन पिवळं पडायला लागलं की मूठ-मूठ युरिया फेकायचा, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते नेमानं फेकायचे, पावसाळ्याच्या तोंडावरसुद्धा.

मग ताईचं बाळंतपण ठरलं. पहिलटकरीण, माहेरीच येणार. आई म्हणाली, बाळ घरात यायच्या आधी एकदा विहिरीचं पाणी तपासून घेऊ. बाबा हसले. "इतकी वर्षं हेच पाणी पितोय, आम्हाला काय झालं?" तरी बाटली भरून प्रयोगशाळेत दिली. रिपोर्ट आला. कोलिफॉर्म जिवाणू सापडले, आणि नायट्रेट मर्यादेच्या वर.

बाबा बराच वेळ तो कागद हातात धरून बसले होते. मग एवढंच म्हणाले, "अगं, पण अंगण तर इतकं स्वच्छ ठेवलंय."

मंडळी, या एका वाक्यामुळे हा भाग तयार झाला. बाबा खोटं बोलत नव्हते. अंगण खरंच स्वच्छ होतं. पण अंगण स्वच्छ दिसणं वेगळं आणि अंगणानं पाणी स्वच्छ ठेवणं वेगळं. या दोन गोष्टींची फारकत कधी झाली, ते शोधायला मी निघाले.

आजीच्या वेळचं अंगण

आधी जुनी मांडणी. ज्यांचं आजोळ कोकणात आहे, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. पुढं मातीचं अंगण. पावसाळा संपला की ते खणून, चोपून, शेणानं सारवायचं. पावसाळ्यात पागोळ्या जिथं पडतात तिथं दगडांची रांग, म्हणजे माती उडत नाही. भोवती चिऱ्यांचा गडगा, नुसते दगड एकावर एक रचलेले. पाणी त्यातून झिरपत जातं, पण धो-धो निसटत नाही. गोठा आणि उकिरडा जमेल तितका विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला. आणि न्हाणीचं पाणी सोडलेलं असायचं आळवावर, कर्दळीवर, केळीवर.

हे कुणी पुस्तक वाचून केलेलं नव्हतं. चिपळूण भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात विहीर तळाला जाते. कारण जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र असतो, पाणी त्यातून झपकन खाली उतरतं. म्हणून उन्हाळ्यात न्हाणीचं पाणीसुद्धा वाया घालवायचं नाही, एवढाच हिशोब.

पण त्या हिशोबातून आणखी एक काम होऊन जायचं. जांभा पाणी फारसं गाळत नाही, गाळते ती वरची माती. झाडांची मुळं, कुजलेली पानं, मातीतले जिवाणू, हे सगळं मिळून पाण्यातली घाण अडवतं, पचवतं. जिथं मातीचा थर जाड आणि मुळांनी विणलेला, तिथलं पाणी विहिरीत पोचेपर्यंत बरंच निवळलेलं. आळवाची ती चिखलाची जागा पाहुण्यांना दाखवण्यासारखी नव्हतीच. पण घरातली गाळणी तीच होती.

गंमत बघा. १९५०च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी पाणवनस्पती लावून सांडपाणी स्वच्छ करण्याचे प्रयोग सुरू केले. आज जगभर त्याच वाटेनं कृत्रिम पाणथळ जागा तयार केल्या जातात, आणि आपल्याकडे त्यात कर्दळ हमखास असते. ही कर्दळ मुळची अमेरिका खंडातली. ती आपल्याकडे आली आणि न्हाणीमागं आळवाशेजारी रुजली.

पण जुनं ते सगळं सोनं नव्हतं

आता इथं थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, झालं, हीसुद्धा 'आमच्या वेळी' करायला लागली.

जुन्या पाण्यानं माणसं मारली आहेत. महाराष्ट्रात पायऱ्यांच्या विहिरींत लोक पाण्यात उतरायचे आणि त्यातून नारू पसरायचा. पायातून दोरीएवढा लांब जंत निघायचा. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण सापडला १९९६ साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही ही.

लंडनचं उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. १८५४ साली सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपाचं पाणी पिऊन कॉलरानं सहाशेहून जास्त माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी बोट पंपाकडे दाखवलं, पंपाचा दांडा काढायला लावला आणि नंतर मृतांची घरं नकाशावर मांडली. नंतर खोदून पाहिलं तेव्हा कळलं, की शेजारच्या एका घराचा मैलाखड्डा विहिरीपासून तीन फुटांच्या आत होता आणि त्याच्या विटा खिळखिळ्या झाल्या होत्या. त्या घरातल्या आजारी तान्ह्या बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी त्याच खड्ड्यात जात होतं. वरून काहीच दिसत नव्हतं. त्या पंपाचं पाणी तर लोकांना आवडायचं, चवीला चांगलं म्हणून.

आणि आपल्याकडे 'स्वच्छ पाणी' या शब्दाला आणखी एक काळी बाजू होती. १८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य ठरवलेल्या लोकांना खुला केला, तेव्हा केवढी खळबळ उडाली. २० मार्च १९२७ला महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी ते तळं 'शुद्ध' केलं. कशानं? शेण आणि गोमूत्र मिसळलेलं पाणी ओतून. माणसाच्या स्पर्शाला घाण म्हणायचं आणि पिण्याच्या पाण्यात शेण ओतायचं! महाड आमच्या गावापासून लांब नाही. म्हणून जुन्या अंगणाचं कौतुक करताना मी जपून बोलते. त्या मांडणीतली मातीची आणि मुळांची समज घ्यायची, शुद्ध-अशुद्धाच्या कल्पना नाही.

लॉन आलं कुठून?

आता बाबांच्या लॉनकडे येऊ. कापलेल्या हिरवळीचा गालिचा ही मुळात युरोपातल्या श्रीमंतांची चैन. गवत विळ्यानं कापायला माणसं ठेवायची किंवा मेंढ्या सोडायच्या, ज्याला परवडेल त्यानं. १८३० साली इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगनं गवत कापायचं यंत्र काढलं. कापड गिरणीत कापडावरचे तंतू साफ कापणारं यंत्र असायचं, त्यावरून त्याला ते सुचलं. हळूहळू हिरवळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तिचा पूरच आला. न्यूयॉर्कजवळ १९४७पासून लेव्हिटाऊन नावाची वसाहत उभी राहिली, एकसारखी सुमारे १७ हजार घरं आणि प्रत्येकापुढं हिरवळ. ती नीट कापून ठेवणं रहिवाशांवर बंधनकारक होतं. गवत वाढलं म्हणजे माणूस आळशी, असा शिक्काच बसायचा.

याच सुमाराला दोन गोष्टी स्वस्त झाल्या. एक, रासायनिक नत्र. युद्धात स्फोटकांसाठी नत्राची रसायनं बनवणारे कारखाने आता खतं बनवू लागले. दुसरी, टू-फोर-डी हे तणनाशक. ते गवताला धक्का लावत नाही, पण रुंद पानाची झाडं मारतं. त्या काळी लॉनच्या बियाण्यात क्लोव्हर नावाची तीन पानांची वनस्पती मुद्दाम मिसळलेली असायची. ती हवेतलं नत्र जमिनीत आणायची, म्हणजे हिरवळीला फुकटचं खत. टू-फोर-डीनं तीही मेली. मग काय करायचं? क्लोव्हरला 'तण' म्हणायचं आणि नत्राची पिशवी विकत आणायची. बाबांच्या हातातला युरिया तिथून सुरू होतो, मंडळी.

आणि हे नत्र पाण्यात गेलं की काय होतं, तेही तेव्हाच कळायला लागलं होतं. १९४५ साली आयोवा राज्यातल्या हंटर कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की शेतावरच्या विहिरीचं पाणी घालून वरचं दूध दिलेली तान्ही बाळं निळसर पडत होती. पाण्यातलं नायट्रेट बाळाच्या पोटात गेलं की रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. मोठ्या माणसाला एवढ्यानं काही जाणवत नाही. बाबांच्या 'आम्हाला काय झालं?' या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, ती या तान्ह्यांसाठीच. आणि हे लक्षात ठेवा, पाणी उकळून नायट्रेट जात नाही. जिवाणू मरतात, पण पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट उरलेल्या पाण्यात आणखी दाट होतं.

चेसापीकची खाडी आणि सॉमरसेटची अंगणं

अमेरिकेत या सगळ्याचा हिशोब चुकता करायची वेळ आली ती चेसापीकच्या खाडीत. वॉशिंग्टन शहराजवळची ही खाडी प्रचंड मोठी, पण उथळ. सहा राज्यांतलं पाणी तिच्यात येतं. शेतं, शहरं आणि अंगणं यांच्यातलं नत्र-स्फुरद वाहत आलं, शेवाळ माजलं, ते मेलं, कुजलं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन गेलं. तिथले खेकडे आणि कालवं म्हणजे आपल्या कोळ्यांचे बांगडे आणि बोंबील. पोटाचाच प्रश्न. १९८३ साली तिथल्या राज्यांनी आणि केंद्र सरकारनं खाडी वाचवायचा करार केला.

कारखान्याच्या नळीला बूच लावता येतं. पण लाखो अंगणांतून थोडं-थोडं येणाऱ्या घाणीला बूच कुठं लावणार?

१९९०च्या आसपास याच खोऱ्यात, मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत, डिक ब्रिंकर नावाचा बिल्डर सॉमरसेट ही वसाहत बांधत होता. रिवाज असा, की छपरांचं, रस्त्यांचं सगळं पाणी गटारं-पाइपांतून एका मोठ्या तळ्यात न्यायचं. त्याच्या मनात आलं, तळ्याऐवजी प्रत्येक घराच्या आवारातच पाणी का जिरवू नये? काउंटीच्या पर्यावरण विभागातले लॅरी कॉफमन यांच्याकडे तो ही कल्पना घेऊन गेला. त्यांनी ती उचलून धरली. प्रत्येक घराच्या आवारात तीन-चारशे चौरस फुटांची एक उथळ, बशीसारखी जागा केली. त्यात रेताड माती, वर पालापाचोळ्याचा थर आणि ओल-कोरड दोन्ही सोसणारी तिथलीच झाडं. नाव पडलं 'रेन गार्डन'. पाइप-गटारांपेक्षा खर्चही कमी आला. १९९३ साली काउंटीनं त्याची तांत्रिक पुस्तिका काढली आणि ती कल्पना जगभर गेली.

ही बशी काय करते? धावणारं पाणी थांबवते. पाणी थांबलं की गाळ खाली बसतो. पालापाचोळा रस्त्यावरचं शिसं, तांबं, जस्त धरून ठेवतो. माती स्फुरद पकडते, जिवाणू तेलकटपणा खातात. नंतरच्या अभ्यासांत एक उणीवही दिसली. धातू झकास अडतात, पण नायट्रेट पाण्यात इतकं विरघळलेलं असतं की साध्या रेन गार्डनमधून ते बरंचसं निसटून जातं. म्हणजे आधी खत ओतायचं आणि मग बशीनं गाळून घ्यायचं, असं चालत नाही. नत्र मुळात टाकायचंच जपून. मेरीलँडनं २०११ साली कायदाच केला. लॉनच्या खतातलं स्फुरद जवळजवळ बंद, १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरच्या हिरवळीला खत घालायचं नाही, आणि जोराच्या पावसाचा अंदाज असेल तेव्हाही नाही.

हे वाचलं तेव्हा मी बाबांना फोन केला. म्हटलं, "बाबा, तुम्ही युरिया कधी टाकता?" पलीकडून दोन क्षण शांतता. मग म्हणाले, "पावसाच्या आधी. विरघळून नीट आत जावा म्हणून." आत गेलाच होता. थेट विहिरीत.

पुन्हा आमच्या विहिरीपाशी

सगळा दोष युरियाचा होता असं मी म्हणणार नाही. सेप्टिक टँक जुना होता, त्याला तडा गेला होता. उकिरडा दुरुस्तीच्या वेळी विहिरीजवळ सरकला होता. आणि अंगणात माती उरलीच नव्हती. सगळं पाणी ब्लॉकवरून धावत विहिरीच्या कठड्याशी जमायचं आणि तिथून जांभ्यात उतरायचं. ब्रॉड स्ट्रीटसारखंच, वरून काही दिसत नव्हतं.

ताई आली तेव्हा तिच्यासाठी आणि बाळासाठी पिण्याचं पाणी नळयोजनेचं आणलं. विहिरीचं पाणी फक्त वापरायला. आणि कामाला लागलो. आधी सेप्टिक टँक दुरुस्त. उकिरडा उताराला, लांब. युरिया बंद, अंगणात घालायचं ते पूर्ण कुजलेलं शेणखत, तेही पाऊस सरल्यावर आणि बेतानं. अर्ध्या अंगणातले ब्लॉक काढले. विहिरीच्या बाजूची जमीन थोडी उंच केली आणि छपराचं पाणी उलट बाजूला, विहिरीपासून आणि सेप्टिक टँकपासून दूर, उताराला वळवलं. तिथं वीतभर खोल बशी केली. घराच्या पायापासूनही अंतर ठेवलं.

बशी करण्याआधी एक साधी चाचणी घेतली. हातभर खड्डा खणून पाण्यानं भरला आणि घड्याळ लावलं. एका दिवसात पाणी जिरलं तर जागा चांगली. दोन दिवसांपेक्षा जास्त साचून राहिलं तर तिथं करायचं नाही, कारण मग डास होतात. हा धडाही इतिहासातलाच. १९११ साली सी. ए. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा तपास केला तेव्हा घरोघरच्या विहिरींत वाढणारे डास सापडले, आणि पुढं शहरातल्या कितीतरी विहिरी बंद कराव्या लागल्या.

बशीत कर्दळ लावली, आळू लावलं, आणि काठानं वाळा. उन्हाळ्यात माठात टाकतो तोच वाळा. त्याची मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि माती घट्ट धरून ठेवतात. कर्नाटकात शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या बांधांवर लावत आले होते. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या लोकांनी ते पाहिलं, आणि आज कितीतरी देशांत धूप थांबवायला आपला वाळा लावतात. फक्त सुगंधी मुळांसाठी तो उपटायचा मोह आवरायचा. आई अजून अधूनमधून डोळा ठेवून असते त्याच्यावर.

न्हाणीमागची ती दलदल? ती पुन्हा केली. बाथरूमचं पाणी आता परत केळीकडे जातं. संडासाचं नाही, ते सेप्टिक टँकमध्येच. हा फरक कधीही विसरायचा नाही.

निकाल काय? दुसऱ्या वर्षी नायट्रेट मर्यादेच्या आत आलं. कोलिफॉर्म मात्र ऐन जुलैमध्ये अजूनही सापडतात, म्हणून पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर आणि प्यायचं पाणी उकळून. रेन गार्डन म्हणजे जादू नाही.

लॉनचा एक तुकडा बाबांनी ठेवलाय, विहिरीपासून लांब. खत नाही, तण काढायची घाई नाही. आता त्यात लाजाळू आलीय, दूर्वा आहेत. परवा एक पाहुणे म्हणाले, "अंगण जरा रानटी झालंय नाही तुमचं?" बाबा म्हणाले, "हो. पण पाणी पिऊन बघा." आणि भाचीला कडेवर घेऊन त्यांना विहिरीकडे घेऊन गेले.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. पुढचा जोराचा पाऊस आला की मोबाइल घेऊन दारात उभे राहा. गावातलं घर असो की शहरातली सोसायटी, छपरावरून पडलेलं पाणी कुठं-कुठं जातं त्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. त्याच्या वाटेत माती किती, सिमेंट किती, गाड्यांचं तेल किती, खत किती, ते बघा. आणि घरची विहीर किंवा बोअर असेल तर पाणी तपासून घ्या, पावसाळ्यानंतर एकदा तरी. घरात तान्हं बाळ येणार असेल तर त्याच्या आधीच.

व्हिडिओ मला पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही अंगणांबद्दल बोलू. भेटूच!